अ‍ॅल्युमिनियम, कार्बन आणि पाच रुपयांचं नाणं

रोड बाईक घ्यायची असं एकदा ठरलं की एक प्रश्न तुमच्या मागे लागतो आणि सायकल घरात येईपर्यंत पाठ सोडत नाही : फ्रेम अ‍ॅल्युमिनियमची की कार्बनची? रविवारी पहाटे आमचा ग्रुप जांबोटीच्या रस्त्याला निघतो (शनिवारी संध्याकाळची मिसा केली की माझी रविवारची सकाळ मोकळी असते), त्यातल्या प्रत्येकाकडे याचं उत्तर तयार आहे. गंमत म्हणजे ज्याच्याकडे जी सायकल आहे, तेच त्याचं उत्तर असतं. कार्बनवाला म्हणतो, एकदा कार्बन चालवलीस की परत मागे जाववत नाही. अ‍ॅल्युमिनियमवाला म्हणतो, पैसे पायांत घाल, फ्रेममध्ये कशाला?

मंडळाच्या अंकासाठी हा विषय सांगितला तेव्हा संपादकांनी विचारलं, ‘‘यात साहित्य कुठंय?’’ मला नीट उत्तर देता आलं नाही. पण गेल्या हिवाळ्यात आमच्या घरी जेवढी चर्चा या एका प्रश्नावर झाली, तेवढी माझ्या अ‍ॅडमिशनवरही झाली नव्हती. आणि त्या चर्चेत मला पप्पांचा धंदा पहिल्यांदा कळला. म्हणून लिहिते.

आधी हिशोब सांगते. दोन वर्षं आठवी-नववीच्या मुलांना इंग्रजी शिकवून माझ्याकडे अठ्ठावन्न हजार जमले होते. समोर दोन सायकली होत्या. एक दुकानातली नवी कोरी अ‍ॅल्युमिनियम, पुढचा काटा तेवढा कार्बनचा, किंमत छप्पन्न हजार. दुसरी ओळखीतल्या एका काकांची, चार वर्षं वापरलेली पूर्ण कार्बनची. तीच सायकल नवी घ्यायची तर दीड लाखाच्या वर जाते. काका साठ हजारांत देत होते. ‘‘तुझ्याच मापाची आहे, मला आता पाठ दुखते, तू चालव,’’ म्हणाले. मम्मीचं म्हणणं तिसरंच होतं. ‘‘साठ हजारांत सेकंडहँड स्कूटी येतीय की गे. पाय तरी दुखणार नाहीत.’’

वजनाचं काय ते आधी उरकते, कारण सगळे तिथूनच सुरुवात करतात. अ‍ॅल्युमिनियमची सायकल साडेनऊ किलोच्या आसपास, कार्बनची सव्वाआठ. फरक सव्वा किलोचा. त्यात फ्रेमचा वाटा जेमतेम अर्धा किलो. बाकीचा फरक चाकांचा आणि गिअरच्या सामानाचा. आता मी, सायकल, पाणी, पंप, पंक्चरचं सामान सगळं धरून होतात ६७ किलो. चढावर आपली बहुतेक ताकद हे वजन वर उचलण्यात जाते, त्यामुळे गणित सोपं आहे. अर्धा किलो म्हणजे ६७ किलोंचा पाऊण टक्का. गोव्याच्या बाजूने चोर्ला घाट चढायला समजा एक तास लागत असेल, तर हलक्या फ्रेममुळे माझी २७ सेकंदं वाचणार. पूर्ण सायकलीचा फरक धरला तर सव्वा मिनिटाच्या आतच. पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या भरून घेतल्या तर दीड किलो होतात, म्हणजे त्या फरकापेक्षा जास्त. ज्याला शर्यत जिंकायची आहे त्याच्यासाठी सव्वा मिनिट म्हणजे सगळं काही. मला डिसेंबरात ग्रुपबरोबर जुन्या गोव्याला जायचं होतं आणि पुढे कधीतरी २०० किलोमीटरची बीआरएम साडेतेरा तासांच्या आत पुरी करायची होती. माझ्यासाठी सव्वा मिनिट म्हणजे चोर्ल्याच्या टपरीवर चहा फुंकायला लागणारा वेळ. वजनाचा मुद्दा मी तिथंच सोडला.

अ‍ॅल्युमिनियमबद्दल बोलायचं तर आपल्या गावासारखं गाव नाही. कारखान्याचं नाव आता हिंडाल्को झालं, तरी बेळगावात लोक अजून ‘इंडाल’च म्हणतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या दुर्गमानवाडीच्या खाणीतून तांबूस दगड येतो, बॉक्साइट. त्यातून इथे अ‍ॅल्युमिना नावाची पांढरी पूड काढतात. पुढे त्या पुडीचा धातू करायला प्रचंड वीज लागते, किलोमागे तेरा-चौदा युनिट तरी. तोच धातू जुन्या भांड्यांतून, डब्यांतून वितळवून पुन्हा काढायचा तर त्याच्या साधारण पाच टक्के ऊर्जेत काम होतं. म्हणून भंगारवाला अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं बघितलं की जास्त गोड बोलतो.

पण हा धातू सायकलीला वापरणं सरळ नाही. पोलादाच्या मानाने तो वजनाला एक तृतीयांश, तसाच ताठपणालाही एक तृतीयांश. म्हणजे पोलादी नळीच्याच मापाची अ‍ॅल्युमिनियमची नळी घेतली तर सायकल हलकी होते खरी, पण लवते. १९८० च्या दशकात व्हिटस ९७९ नावाची फ्रेंच फ्रेम अशीच होती. बारीक नळ्या, सांध्यांत चिकटवलेल्या. जोर लावला की ती वाकते अशी तिची ख्याती, आणि तरी आयर्लंडचा शॉन केली तीच चालवून शर्यतींवर शर्यती जिंकत होता. माणूस चांगला असला की सामान गप्प बसतं, एवढं तरी त्यावरून कळतं.

यावर उपाय निघाला तो अमेरिकेत. १९७० च्या दशकात एमआयटीमध्ये शिकणाऱ्या गॅरी क्लाईनने नळ्या जाड करायचं मनावर घेतलं. जाड म्हणजे पत्रा जाड नव्हे, घेर मोठा. नळीचा व्यास दुप्पट केला आणि पत्रा तेवढाच ठेवला तर वजन दुप्पट होतं, पण ताठपणा आठपट होतो. १९८३ मध्ये कॅननडेलने जाड नळ्यांच्या अ‍ॅल्युमिनियम सायकली बाजारात आणल्या आणि पुढे सगळ्यांच्या सायकली तशा दिसायला लागल्या. १९९८ ची टूर द फ्रान्स मार्को पँटानीने जिंकली ती अ‍ॅल्युमिनियमच्या बियांकीवर. त्यानंतर अ‍ॅल्युमिनियमवर टूर कुणी जिंकलेली नाही.

इथे पप्पांचा प्रवेश. पप्पा उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत एकतीस वर्षं पॅटर्नमेकर आहेत. ज्यांना हा शब्द नवा आहे त्यांच्यासाठी सांगते. बिडाचं कास्टिंग ओतायचं तर आधी त्या वस्तूची हुबेहूब लाकडी प्रतिकृती करावी लागते, तिचा ठसा वाळूत घेतात आणि त्या पोकळीत रस ओततात. ती प्रतिकृती म्हणजे पॅटर्न. धातू थंड होताना आकसतो, म्हणून पॅटर्न जरा मोठा करायचा. त्यासाठी पप्पांची पट्टीच वेगळी आहे. तिच्यावरचा एक इंच खऱ्या इंचापेक्षा किंचित मोठा. बिडाची पट्टी वेगळी, अ‍ॅल्युमिनियमची वेगळी, कारण अ‍ॅल्युमिनियम जास्त आकसतं. लहानपणी मी त्यांच्या पट्टीने भूमितीचा गृहपाठ केला होता आणि सगळी उत्तरं थोडी थोडी कमी आली होती, हे घरात अजून सांगतात.

आधी ते फक्त सागवान घडवायचे. नंतर मशीन मोल्डिंग आलं आणि रोज शेकडो ठसे घ्यायचे म्हटल्यावर लाकूड झिजायला लागलं, तेव्हा अ‍ॅल्युमिनियमचे पॅटर्न आले. त्यामुळे माझी खात्री होती की पप्पा अ‍ॅल्युमिनियमच्याच बाजूने बोलणार. त्यांनी दुकानातली सायकल पाहिली, वेल्डिंगच्या शिवणीवरून अंगठा फिरवला आणि पहिला प्रश्न विचारला, ‘‘वेल्डिंगनंतर भट्टीत घातलीय काय?’’

दुकानातल्या मुलाला काही कळलं नाही. मला घरी येऊन वाचावं लागलं. प्रश्न अगदी मुद्द्याचा होता. सायकलीत ६०६१ नावाचं मिश्रण बरंच वापरतात. त्यात मॅग्नेशियम आणि सिलिकॉन असतं. त्याची खरी ताकद येते ती उष्णतेच्या उपचारातून : ५०० अंशांच्या पुढे तापवायचं, एकदम गार करायचं आणि मग १६०-१७० अंशांवर काही तास मुरवायचं. याला टी-६ म्हणतात. पण वेल्डिंग केलं की शिवणीच्या आजूबाजूची ताकद उतरते, म्हणून जोडलेली आख्खी फ्रेम पुन्हा त्या चक्रातून काढावी लागते. चांगले कारखाने ते करतातच. पण याचाच अर्थ असा की पाच वर्षांनी सांध्यात तडा गेला तर कोपऱ्यावरच्या वेल्डरकडे नेऊन ती पूर्वीसारखी होत नाही. तो डाग देईल, दिसेल छान, आणि तिथंच परत तुटेल. पोलादी सायकलीचं तसं नव्हतं. आजोबांची काळी सायकल दोनदा डाग देऊन पुढे अठरा वर्षं चालली.

कार्बनबद्दल पप्पांचं पहिलं मत एका शब्दाचं होतं : ‘‘प्लास्टिक.’’

ते तसं अर्धं खरं आहे. कार्बनची फ्रेम म्हणजे कोळशाचे तंतू आणि त्यांना धरून ठेवणारी इपॉक्सी राळ. तंतू ज्यापासून काढतात ते पॉलिअ‍ॅक्रिलोनायट्राइल म्हणजे आपल्या स्वस्त स्वेटरच्या अ‍ॅक्रिलिक लोकरीच्याच घराण्यातलं. ते आधी हवेत दोन-तीनशे अंशांवर भाजतात, मग ऑक्सिजन लागू न देता हजार अंशांच्या पुढे तापवतात. कार्बन सोडून जवळजवळ सगळं उडून जातं. उरलेला धागा केसाच्या दहाव्या हिश्शाएवढा बारीक असतो, आणि त्याच्या लांबीच्या दिशेने ओढलं तर पोलादापेक्षा चिवट. आडवा जोर दिला तर मात्र काही खरं नाही. म्हणून राळेत भिजवलेल्या या धाग्यांच्या पट्ट्या एकीवर एक, वेगवेगळ्या दिशांनी साच्यात लावतात. एक थर उभा, एक तिरका, एक उलट तिरका. कुठे तीन थर, कुठे दहा. हे काम बरंचसं हातानेच होतं. एका फ्रेममध्ये शेकडो तुकडे असतात.

हे मी जेवताना सांगत होते. पप्पांनी घास थांबवला.

‘‘म्हणजे रेषा. लाकडाची रेषा असती तशी.’’

‘‘हो, तसंच.’’

‘‘मग प्लास्टिक का म्हणतीस?’’ (मी म्हणाले नव्हते, तेच म्हणाले होते.) ‘‘सागाची फळी रेषेत वाकवून बघ, मोडत नाही. आडवी धर, पोरगंसुद्धा मोडतंय. हेनी काय केलंय, जिथं पाहिजे तिथं रेषा वळवून घेतल्यात. झाडाला जमत नाही ते केलंय.’’ मग थोडं थांबून म्हणाले, ‘‘आणि साचा म्हणतीस, तर साच्याचा पॅटर्न कोण करतंय?’’

कार्बनची सायकल महाग का, याचं मी वाचलेलं सगळ्यात छोटं स्पष्टीकरण या प्रश्नात आहे. फ्रेमच्या प्रत्येक मापाला धातूचा वेगळा साचा लागतो. पाच मापं असतील तर पाच. अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या लांबीला कापून मापं बदलता येतात, इथे तसं चालत नाही. साच्याचा खर्च, हाताची मजुरी आणि राळ घट्ट व्हायला लागणारी भट्टी, हे सगळं किमतीत येतं. १९८६ मध्ये ग्रेग लेमाँडने टूर जिंकली ती कार्बनच्या सायकलीवर, पण तेव्हा फक्त नळ्या कार्बनच्या होत्या आणि त्या अ‍ॅल्युमिनियमच्या सांध्यांत चिकटवलेल्या होत्या. म्हणजे आमच्या घरचं भांडण त्यांनी एकाच सायकलीत मिटवून टाकलं होतं. आख्खी फ्रेम साच्यातून काढायची कला नंतर रुळली.

त्या दिवसापासून घरात पप्पा कार्बनचे वकील झाले. मी गोंधळले.

काकांनी ट्रायलला सायकल दिली, आठवडाभर ठेव म्हणाले. मी ती जांबोटीपर्यंत नेऊन आणली. खरं सांगायचं तर ती चालवताना मला अ‍ॅल्युमिनियमची आठवणही आली नाही. आपल्याकडे पावसाळ्यानंतर डांबराची जी खरवड राहते, त्यावरून जाताना हँडलमधून हातांना मुंग्या येतात. या सायकलीवर त्या जवळजवळ नव्हत्याच. जोर दिला की पुढे जायची, खड्डा आला की गप्प राहायची. लोक म्हणतात तो ‘कार्बनचा मऊपणा’ हाच असावा.

पण दुसऱ्या दिवशी ग्रुपमधल्या एका दादांनी एक प्रयोग करून दाखवला. त्यांच्या अ‍ॅल्युमिनियम सायकलीला २५ मिलिमीटरचे टायर होते आणि हवा १०० पीएसआय. त्यांनी माझ्यासाठी २८ मिलिमीटरचे टायर बसवले, हवा ७० वर आणली आणि म्हणाले, ‘‘आता जाऊन ये.’’ कार्बनने दिलेल्या सुखातलं निम्म्याहून जास्त सुख तिथं सापडलं. काकांच्या सायकलीला टायर २८ चेच होते, हे मी मग बघितलं. फ्रेमचा फरक असतो, नाही असं नाही. पण रस्ता आणि तुम्ही यांच्यात पहिली हवा असते, फ्रेम त्यानंतर. सायकल विकणारे हे सांगत नाहीत, कारण टायर दोन हजारांत येतात.

तरीही माझं मन कार्बनकडेच होतं. मधे अडकत होता तो एकच प्रश्न, आणि तो टिकण्याचा होता.

या बाबतीत लोकांच्या मनात एक सरळ चित्र असतं : धातू टिकाऊ, कार्बन नाजूक. चित्र उलटंसुलटं आहे. धातू थकतो. इंग्रजीत याला फटीग म्हणतात. मराठीत थकवा म्हटलं की मला तो जास्त कळतो. पोलादाचं असं असतं की ताण एका मर्यादेच्या खाली ठेवला तर ते जवळजवळ कितीही वेळा सोसतं. अ‍ॅल्युमिनियमला तशी खालची मर्यादाच नाही. प्रत्येक धक्का, कितीही लहान असो, कुठेतरी मोजला जातो. रोझरीचे मणी पुढे सरकत राहावेत तसे. फ्रेम बनवणारे हे धरूनच ती दणकट करतात, त्यामुळे साध्या माणसाला काळजीचं कारण नसतं. पण मोजणी चालू असते. उलट चांगल्या कार्बनला रोजच्या धक्क्यांचं फारसं काहीच वाटत नाही. वर्षानुवर्षं ठरलेल्या दिशेने जोर घेत राहते. तिला बाधतो तो एखादा भलत्या दिशेचा घाव : कोपऱ्यावर आपटणं, दगडावर पडणं, पाच न्यूटन-मीटरचा बोल्ट कुणी अंदाजाने आवळणं. आणि असा घाव बसला तर अ‍ॅल्युमिनियमला पोचा येतो, तो आपल्याला दिसतो. कार्बनमध्ये आतले थर एकमेकांपासून सुटू शकतात आणि वरचा रंग तसाच चकचकीत राहतो.

थोडक्यात, नवी कार्बन घेताना तुम्ही फक्त सायकल घेता. वापरलेली घेताना तिचं मागचं आयुष्यही घेता, आणि ते वाचायला येत नाही. अ‍ॅल्युमिनियमचं निदान अर्धं वाचता येतं. अर्धंच, कारण थकव्याचा तडा शिवणीपाशी रंगाखाली केसासारखा सुरू होतो, तोही लगेच दिसत नाही.

मी काकांना विचारलं होतं, कधी पडली होती का. ते लगेच म्हणाले, ‘‘एकदा पार्किंगमध्ये उभी होती ती कलंडली. ओरखडा आहे बघ मागे, डावीकडे.’’ ओरखडा नखाएवढा. लपवाछपवी काही नव्हती.

पप्पांनी ऐकलं आणि त्या रात्री जेवणानंतर सायकल व्हरांड्यात आणली. मागचं चाक काढलं, गोणपाटावर ती उलटी ठेवली आणि टीव्ही बंद करायला सांगितलं. फाउंड्रीत कास्टिंग हातोडीने वाजवून बघतात हे मी ऐकलं होतं. धड असेल तर ते खणखणतं. आत तडा असेल तर आवाज बसतो. पप्पांकडे हातोडी नव्हती, त्यांनी खिशातून पाच रुपयांचं जुनं जाड नाणं काढलं.

आधी वरच्या नळीवर, मग खालच्या नळीवर, बोटभर अंतराने, टक, टक, टक. आवाज सगळीकडे सारखा नव्हता. सांध्याजवळ जाड यायचा, नळीच्या मध्यावर बारीक. मी घाबरले, पप्पा म्हणाले, ‘‘असू दे. तिथं थर जास्त असणार. एकाच जागेचा आवाज ऐकून काय कळत नाही. डावीकडचं उजवीकडं मिळतंय काय ते बघायचं.’’ सायकलीचा मागचा भाग दोन्ही बाजूंना सारखा असतो. सीटपासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत ज्या दोन बारीक दांड्या येतात, त्यांच्यावर ते आले. उजवीवर टक. डावीवर टक. उजवी, डावी. वरून खाली येत गेले.

मम्मी आत भांडी आवरत होती. तिथूनच म्हणाली, ‘‘ते बद्द वाजतंय की.’’

आम्ही दोघांनी मान वर केली. ती हात पुसत बाहेर आली. ‘‘खानापूरचं मडकं घेताना आम्ही असंच बघतोय. शेवटचं वाजवलंत ते बद्द होतं. परत वाजवा.’’

पप्पांनी परत वाजवलं. उजवीवर टक. डावीवर, त्याच उंचीला, थप. साधारण दोन इंच तसं, मग परत टक. ओरखडा तिथून चार बोटं वर होता. आवाज बसलेल्या जागी रंगावर काहीच नव्हतं. मी मोबाईलचा टॉर्च लावून बघितलं, नखाने चाचपलं. गुळगुळीत.

पप्पा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘बाय, मला लाकूड कळतंय, बीड कळतंय. हे कळत नाही. आत कारखान्यानंच काय वेगळं भरलं असेल तरी असं वाजेल. पण माझ्या खात्यात असं कास्टिंग आलं असतं तर मी बाजूला ठेवलं असतं.’’

‘बाजूला ठेवणं’ हा शब्द मला त्या रात्री नीट समजला. टाकून देणं वेगळं आणि बाजूला ठेवणं वेगळं. टाकायला खात्री लागते. बाजूला ठेवायला शंका पुरते.

दोन दिवस मी स्वतःशी वाद घातला. कार्बन दुरुस्त होते, हे मी वाचलं होतं. जाणकार माणूस खराब थर घासून काढतो, नवे थर त्याच दिशांनी लावतो, आणि काम नीट झालं तर ते विश्वासाचं असतं. अ‍ॅल्युमिनियमच्या तडा गेलेल्या सांध्यापेक्षा कितीतरी बरं. पण आधी यंत्राने तपासायची, मग दुरुस्तीला मोठ्या शहरात पाठवायची, तो खर्च कुणाचा? काकांना मी आवाजाचं सांगितलं तेव्हा ते थोडे दुखावले आणि मग लगेच दहा हजार कमी करायला तयार झाले. पन्नास हजारांत कार्बन! ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, ‘डोळे मिटून घे.’

मी डोळे मिटून चोर्ला उतरताना कशी दिसेन याचा विचार केला. चढताना सायकल मोडली तर माणूस बाजूला बसतो आणि ट्रकला हात करतो. उतरताना कांकुंबीच्या पुढे वळणांवर वेग ५० च्या आसपास असतो, एका बाजूला दरी, समोरून गोव्याची बस. तिथे सारखं डाव्या दांडीकडे कान लावून बसावं लागलं असतं. दांडी कदाचित वीस वर्षं टिकलीही असती. पण ज्या सायकलीवर मोकळं व्हायचं, तिच्यावर बसून आवाज ऐकत राहायचं, यासाठी मी दोन वर्षं ‘टेन्स’ शिकवले नव्हते.

मी अ‍ॅल्युमिनियम घेतली. ती श्रेष्ठ आहे म्हणून नाही. हातात दीड-दोन लाख असते आणि कोरी कार्बन समोर असती तर मी हा लेख इतका लांब लिहिला नसता. माझ्या पैशात, माझ्या रस्त्यांवर, जिथे बिघडलं तर पाहायला जवळ कुणी नाही अशा ठिकाणी, जिचा इतिहास माझ्यापासून सुरू होतो अशी सायकल मला हवी होती. उरलेल्या दोन हजारांत २८ चे टायर घातले. डिसेंबरात आम्ही जुन्या गोव्याला जाऊन आलो. परतीला चोर्ला चढताना दोन कार्बनवाले माझ्या पुढे गेले. सव्वा मिनिटाने नव्हे, चांगल्या वीस मिनिटांनी. तो फरक फ्रेमचा नव्हता, हे सांगायला नकोच.

महिन्यातून एकदा मी सायकल पुसते तेव्हा सांध्यांवरून पांढरं सुती फडकं फिरवते. केसाएवढा तडा डोळ्यांना दिसला नाही तरी फडक्याचा धागा कधीकधी तिथे अडकतो, असं पप्पांनी सांगितलंय. अजून काही अडकलेलं नाही. सीटची दांडीही वर्षातून दोनदा काढून, पुसून, ग्रीस लावून परत घालायची. आपल्याकडच्या पावसात ती आत धरून बसते, मग हातोडीनेही निघत नाही.

काकांची कार्बन आता त्यांच्या हॉलमध्ये भिंतीला टांगलेली आहे. ते ती विकत नाहीत आणि चालवतही नाहीत. तपासायला पाठवायची असं प्रत्येक वेळी म्हणतात. त्यांच्याकडे जायचं निघालं की पप्पा मला आठवण करतात, ‘‘कधी मोडीत काढायची म्हणाले तर त्यांना म्हणावं, मागचा तुकडा मला पाहिजे. आडवा कापून बघतो, रेषा कशा घातल्यात ते.’’